पाटलाच्या गुडघ्याएवढा ढीग

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची असं कुणी विचारलंच, तर एवढंच सांगता येईल की त्या काळी गाढवं बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकत नसत. आता गाढवांनी बोलणं सोडून दिलं आहे. बाकी फारसं काही बदललेलं नाही.

तर त्या काळी एका नदीच्या काठी एक गाव होतं. गाव तसं चांगलं होतं. पाण्याला विहीर होती, सावलीला चिंच होती, भांडायला शेजारी होते. आणि गावाची एक रीत होती, ती मात्र आसपासच्या कुठल्याच गावात नव्हती.

गावात काही नवं बांधायचं ठरलं, की त्या जागेवर चुन्याच्या रेघा मारायच्या. ज्याला ते बांधकाम नको असेल, त्याने तिथे एक दगड आणून ठेवायचा. कारण सांगायचं नाही, वाद घालायचा नाही. दगड ठेवायचा आणि घरी जायचं. अमावास्येपर्यंत दगडांचा ढीग पाटलाच्या गुडघ्याला लागला, तर बांधकाम रद्द. नाही लागला, तर गाव राजी आहे असं समजून पाया खणायचा.

आणि ज्याला ते हवं असेल, त्याने काय करायचं? काहीच नाही. त्याने घरी बसायचं. कुणाला काही हवंही असू शकतं, हे रीत घालणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ज्या पाटलाच्या काळात ही रीत पडली, तो चांगला ताडमाड उंच होता. त्याच्या गुडघ्यापर्यंत ढीग चढवायचा तर लोकांची कंबर मोडे. त्यामुळे त्याच्या काळात विहीर झाली, देऊळ झालं, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाली. पुढे पाटीलकी पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत आली, आणि तिच्याबरोबर उंचीही उतरत आली. आताचे पाटील अंगाने गोल, स्वभावाने गोड, आणि उंचीने असे, की घोड्यावर चढायला त्यांना दाराशी एक मोठा चपटा दगड ठेवावा लागे. त्या दगडावर उभं राहायचं, गड्याने घोडा धरायचा, मग कुठे पाटील वर जायचे.

असल्या पाटलांच्या गुडघ्याला ढीग लागायला कितीसा वेळ! चार माणसं रागावली की पुरे. म्हणून त्यांच्या काळात गावात नवं असं काहीच झालं नव्हतं. पाटलांना त्याचं वाईट वाटे. पण गुडघ्याला ते बिचारे काय करणार?

अशात एका वर्षी नदीला पूर आला आणि तिने गावाची खालची आळी धुऊन नेली. माणसं वाचली, गुरं वाचली, घरं मात्र गेली. कुंभाराचं गेलं, विणकराचं गेलं, कितीतरी एकट्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं गेलं. आणि गावच्या सुईणीचंही गेलं. तिला सगळं गाव मावशी म्हणे. गावातल्या बहुतेकांना या मावशीनेच जगात आणलं होतं, आणि कुणी फार शहाणपणा करायला लागला की ती त्याला तो कसा जन्मला ते सगळ्यांसमोर सांगे. म्हणून तिच्यापुढे कुणी फार बोलत नसे.

सगळे धर्मशाळेत राहायला आले. पण जत्रा जवळ आली होती. जत्रेला यात्रेकरू येणार, म्हणजे धर्मशाळा मोकळी करावी लागणार.

पाटलीणबाई पाटलांना म्हणाल्या, "अहो, गावाबाहेरचा माळ नुसता पडून आहे. तिथं घरं बांधा की. कुंभाराला भट्टीपुरतं अंगण द्या, विणकराला मागापुरती लांब खोली द्या. एकट्या जीवांना लहान घरं पुरतील. मोठ्या खटल्यांना मोठी बांधा. आणि आपल्या गावातली लग्न झालेली पोरं अजून बापाच्या ओसरीवर झोपतात, त्यांनाही दोन-दोन खोल्या होऊन जाऊ देत."

"उत्तम," पाटील म्हणाले.

"आणि लवकर करा. सून पोटुशी आहे. मावशी गाव सोडून गेल्या, तर तिचं कोण बघणार?"

हे मात्र पाटलांच्या काळजात घुसलं. पहिलंच नातवंड होतं. त्यांनी त्याच दिवशी माळावर चुन्याच्या रेघा मारून घेतल्या. लहान घर, मोठं घर, अंगणाचं घर, दुमजली घर, सगळ्या तऱ्हा होत्या. गाव बघायला लोटलं. सगळे म्हणाले, "वा वा! छान! गावाची शोभा वाढेल." धर्मशाळेतल्या लोकांनी एकमेकांना आपापल्या चौकोनात उभं राहून दाखवलं. मावशीचा चौकोन माळाच्या कडेला, चिंचेखाली आला होता. ती त्यात मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ऐसपैस हाय."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर बघतात तर चुन्याच्या रेघांवर एक दगड पालथा पडलेला. कुणाचा, ते कळलं नाही. पण एक दगड पडला म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला.

सावकार आले. खरं तर कारण सांगायची रीत नव्हती, पण सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. "पाटील, घरं व्हायलाच हवीत. मी तर पहिल्यापासून म्हणतोय. पण मोठीच व्हावीत. लहान लहान घरं दिसली, की बघणाऱ्याला गावच लहान वाटतं." आणि त्यांनी दगड ठेवला.

पाटील गोड स्वभावाचे. त्यांनी लहान घरांच्या रेघा पुसल्या.

मग वैद्यबुवा आले. "घरं जरूर व्हावीत. पण मोठी नकोत. मोठ्या घरात माणसं फार. जिथं माणसं फार, तिथं खोकला फार." वैद्यबुवांचं पोट खोकल्यावरच चालत होतं, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनीही दगड ठेवला.

पाटलांनी मोठ्या घरांच्या रेघा पुसल्या.

मग गावातले सगळ्यांत म्हातारे आजोबा काठी टेकत आले. "घरांना माझी ना नाही. पण माळ गेला तर मोकळं फिरायला कुठं जायचं?"

"आजोबा, तुम्ही माळावर फिरायला कधी आला होता?" पाटलांनी विचारलं.

"आलो नाही अजून. पण येईन की कधीतरी."

एकेक जण येत गेला. दुमजली घरांतून लोक आपल्या अंगणात डोकावतील, म्हणून दुमजली पुसली. बैठी घरं फार जागा खातील, म्हणून बैठी पुसली. भट्टीचा धूर येईल, मागाचा आवाज येईल. ओसरीवरच्या पोरांना स्वतःचं घर मिळालं, तर ती आईबापांचं ऐकेनाशी होतील. ती तशीही ऐकत नव्हती, पण ते जाऊ द्या. शेवटी माळावर एकच चौकोन उरला, चिंचेखालचा, मावशीचा. तेव्हा सगळे एकमुखाने म्हणाले, "एवढ्या मोठ्या माळावर एकच घर? किती वाईट दिसेल!"

आता, दगड जड असतात. नको म्हणायला सगळ्यांना आवडत होतं, पण माळापर्यंत दगड उचलून न्यायला कुणालाच आवडत नव्हतं. मग लोक कुंभाराला गाठत आणि भाकरीच्या बोलीवर त्याचं गाढव मागत. जवळजवळ सबंध ढीग असा त्या गाढवाच्या पाठीवरून माळावर गेला.

गाढवाने एक दिवस विचारलं, "मालक, हे दगड कशापायी?"

"आपलं घर होऊ नये म्हणून."

"आन् ते आपणच वाहायचे?"

"गावचं काम हाय बाबा. न्हाई कसं म्हनायचं?"

गाढवाने कुंभाराकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याला त्याची दया आली आणि ते मुकाट्याने चालू लागलं.

या सगळ्या धावपळीत पाटलांनी घोड्यावर बसणं सोडलं होतं, ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. कुणी विचारलं तर ते म्हणत, "चालल्यानं अन्न पचतं."

अमावास्या आली. पाटील ढिगाशेजारी जाऊन उभे राहिले. ढीग गुडघ्याच्या वर गेला होता, कमरेच्या वर गेला होता, पाटलांच्या पागोट्याशी गप्पा मारत होता. पाटलांनी खिन्न चेहऱ्याने सांगितलं, "गावाला नको आहे. माझा नाइलाज आहे."

मावशीने गाठोडं बांधलं. डोंगरापलीकडच्या गावाने तिला घर देऊ केलं होतं. निघताना ती ढिगापाशी थांबली. एक दगड हातात घेऊन तिने त्याचं वजन करून पाहिलं.

"ह्यातले बहुतेक दगड ठेवनाऱ्यांची नाळ म्या कापलीया, पाटील," ती म्हणाली. "जन्मले तवा काही जन लईच अशक्त होते. आता हातात चांगलं बळ आलंय म्हनायचं." तिने दगड होता तसा ठेवला आणि ती गेली. तिच्या पाठीकडे बघताना पाटलांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते तसेच घराकडे वळले. बाकीचं गाव आपापल्या दारातून बघत राहिलं.

धर्मशाळेतले बाकीचेही सामान बांधू लागले. कुंभार म्हणाला, "जत्रेची मडकी तेवढी विकतो आन् निघतो."

आणि जत्रेच्या तोंडावर एका सकाळी पाटलांच्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. अजून अवकाश आहे, असं सगळे धरून चालले होते. मुलगा गाडी घेऊन बाजाराला गेलेला. आणि त्या भागात असा रिवाज होता, की सुईणीला बोलवायला घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः जायचं, गडी पाठवायचा नाही.

"घोडा काढा!" पाटील ओरडले.

घोडा आला. पाटील धावत दाराशी आले आणि थबकले. चढायचं कसं? गड्याने त्यांना खालून उचललं, तर ते घोड्यावरून पलीकडे उतरले. मग टोपली पालथी घातली. ती पाटलांचं वजन बघून बसली. मग उखळ आणलं. तोवर घोड्याचा धीर सुटला आणि तो परसात निघून गेला.

"अहो, तुमचा दगड कुठं आहे?" पाटलीणबाई आतून ओरडल्या.

"असेल की इथंच कुठंतरी!" पाटील म्हणाले, आणि ते एवढ्या घामाघूम स्थितीतही लाल झाले.

आतून सुनेचा आवाज आला. तेवढ्यात रस्त्याने कुंभार मडकी घेऊन चाललेला दिसला. पाटलांनी पुढचा मागचा विचार केला नाही. त्यांनी मडकी स्वतःच्या हाताने उतरवली आणि ते गाढवावर बसले. एवढं बेताचं वाहन त्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

डोंगराची वाट लागली तसं गाढव म्हणालं, "पाटील, माळावरचे समदे दगड म्या वाहिले. एक तेवढा न्हाई."

पाटलांनी समोरच्या डोंगराकडे पाहिलं.

"चपटा व्हता."

पाटलांनी त्याच्याही पलीकडच्या डोंगराकडे पाहिलं.

"भर दुपारी गाव झोपलं व्हतं. म्या चिंचंमागं चरत व्हतो. तुम्ही तो ढकलत ढकलत आनलात, मधी बसून घाम पुसलात, आन् रेघंवर पालथा घातलात."

"कुणाला बोललास?" पाटलांनी हळूच विचारलं.

"बोललो की. साऱ्या गावाला बोललो. पर गाढवाचं कोन ऐकतंय?"

पाटलांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली.

मावशी नव्या घराच्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने पाटलांना पाहिलं, गाढवाला पाहिलं, आणि विचारलं, "दाराशी घोडा असताना गाढवावर का आलासा?"

"मावशी, आधी चला. सांगतो मग."

मावशी जुनं सगळं मनात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हती. ती उठली. गाढवावर आता मावशी बसली आणि पाटील दोरी धरून पुढे पळू लागले. जत्रेला आलेल्या लोकांना वाटलं, हा गावातला काहीतरी जुना सोहळाच असावा. काही जणांनी हात जोडले.

दुपार कलताना पाटलांच्या घरातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. तोवर सगळं गाव अंगणात जमलं होतं. मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "मुलगी झाली. दोघी बऱ्या हैत."

पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, काय देऊ? लुगडं देऊ? गाय देऊ?"

"काय नगं. सकाळी इचारलं त्याचं उत्तर द्या. गाढवावर का आलासा?"

सगळं गाव कान देऊन उभं होतं. खोटं सांगणं सोपं होतं. पण आत नात रडत होती, आणि तिला जगात आणणारी बाई समोर उभी होती.

"माझा चढायचा दगड जागेवर नव्हता," पाटील म्हणाले. "तो माळावर आहे. ढिगाच्या तळाशी. पहिला दगड मीच ठेवला."

त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं.

"मला घरं हवी होती, मावशी. देवाशपथ हवी होती. फक्त चिंचेखाली नको होती. माझी दुपारची झोप तिथं लागते. मला वाटलं, एवढ्या घरांना माझा एक दगड काय करणार?"

मग सावकार खाकरले. "मलाही तसंच वाटलं होतं. माझा एकच होता. म्हणजे, माझा एक आणि माझ्या वडिलांच्या नावाचा एक."

"तुमचे वडील तर कधीच वारले!" पाटलीणबाई म्हणाल्या.

"त्यांचं मत मला ठाऊक होतं ना."

वैद्यबुवांनी आपल्या चार जावयांच्या नावानेही दगड ठेवले होते. आजोबांनी रोज एक ठेवला होता, कारण काल ठेवल्याचं त्यांना आज आठवत नसे. असा तो ढीग वाढला होता. बघता बघता कळलं, की एवढे दगड मोजक्याच दारांतून आले होते.

"मग बाकीचं गाव कुठं होतं?" पाटलांनी विचारलं.

"घरी," मागून एक बाई म्हणाली. "आम्हाला तर घरं हवीच होती. म्हणून गप बसलो."

"आम्हीबी," विहिरीकडच्या आळीतले म्हणाले. ओसरीवर झोपणारी पोरं तर हात वर करून नाचायलाच लागली. बघावं तिकडे होकारच होकार निघाला.

"मग तेव्हा बोलला का नाहीत?" पाटील कळवळून म्हणाले.

"बोलायची रीत कुठं व्हती?"

मावशी हे सगळं ऐकत होती. तिला राग आला होता आणि तिने तो लपवला नाही. "म्हंजी मला घालवली चौघांनी," ती म्हणाली, "आन् जाऊ दिली साऱ्या गावानं."

त्या दिवशी गावाने प्रथमच, कुणी न सांगता, एक काम केलं. सगळे माळावर गेले. पुसलेल्या रेघा पुन्हा मारल्या. लहान, मोठं, बैठं, दुमजली, अंगणाचं, मागाचं, जसं आधी ठरलं होतं तसं. दगड आणायला कुठे जावं लागलं नाही. जोती भरायला पुरून उरतील एवढे ते आधीच तिथे आले होते. एका चौकोनातून दुसरीकडे न्यायला तेवढं गाढवाला बोलावलं, तर ते चिंचेखाली पाय पसरून बसलं. "नगं म्हनताना म्या वाहिले," ते म्हणालं. "आता तुम्ही वाहा." या वेळी मात्र सगळ्यांनी त्याचं ऐकलं.

सावकारांनी डोक्यावरून दगड वाहिले. वैद्यबुवांनी वाहिले आणि त्यांना खोकला लागला. ढीग संपता संपता तळाशी तो चपटा दगड निघाला. पाटलांनी तो एकट्याने ढकलत नेला आणि मावशीच्या दारात पायरी म्हणून बसवला.

मावशीने तिच्यावर पाय दिला, हलत नाही ना ते पाहिलं, आणि घरात गेली.

आजही, म्हणजे त्या काळच्या आजही, पाटलांना घोड्यावर चढायचं असलं की घोडा घेऊन मावशीच्या दारी जावं लागे. मावशी म्हणे, "चढा, पर आधी ताक घ्या." पाटील ताक घेत, आणि बहुतेक वेळा तिच्याच ओसरीवर, चिंचेच्या सावलीत, झोपून जात. त्यांची नात त्यांच्या पोटावर चढून बसे. सावकार येणाऱ्याजाणाऱ्याला त्या नव्या आळीतून फिरवत आणि म्हणत, "हा कोपऱ्याचा दगड पाहिलात? आमचा." तो मुळात कशासाठी ठेवला होता, हे ते सांगत नसत.

गावाची रीतही बदलली. गुडघ्याचं माप गेलं. ज्याला नको असेल, त्याने दगड स्वतः उचलून आणायचा आणि ज्याचं घर अडणार, त्याच्या तोंडावर कारण सांगून ठेवायचा. ज्याला हवं असेल, त्यानेही दगड आणायचा. तो थेट घराच्या पायात जाई. तेव्हापासून नकोचे दगड फार कमी येऊ लागले, आणि आले तरी त्यांच्याबरोबर कारणं येत. त्यांतली काही तर चांगली शहाणपणाची असत.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो, ध्यानात ठेवा: मनातल्या मनात दिलेल्या होकाराने कुणाच्या डोक्यावर छप्पर येत नाही, तो घराबाहेर पडून, चारचौघांत द्यावा लागतो.